तीन ओळींची चिठ्ठी : एका साखरपुड्याच्या छायाचित्रणाचे प्रकरण

नाशिकमध्ये कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणाऱ्या माणसाला वर्षातून काही वेळा तरी कुणाच्या मुलाचा किंवा भाचीचा फोन येतो आणि ‘पटकन काहीतरी सांगा’ अशी विनंती होते. मी हौशी छायाचित्रकार असून बँकेतील नोकरीतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे अशा फोनना माझ्याकडे वेळही असतो आणि उत्तर देण्याचा उत्साहही. पुढील प्रकरण सविस्तर नोंदवावेसे वाटले, कारण यात मी दिलेला पहिला सल्ला तांत्रिकदृष्ट्या उलटा पडला आणि शेवटचा सल्ला बरोबर असूनही त्याच्या शब्दरचनेमुळे अर्धा वाया गेला. संबंधित कुटुंबाच्या संमतीने, परंतु नावे न देता, ते येथे मांडतो.

परिस्थिती

सल्ला मागणारी मुलगी वीस वर्षांची, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी. तिचे वडील माझे जुने सहकारी आणि घर पाथर्डी फाट्याजवळ, त्यामुळे ती मला लहानपणापासून काका म्हणते. तिच्या मामांनी आपला जुना डीएसएलआर कॅमेरा, त्यासोबतच्या १८-५५ मिलिमीटरच्या किट लेन्ससह, तिला देऊन तीन आठवडे झाले होते. फेब्रुवारीतील एका रविवारी सकाळी अकरा वाजता तिच्या मोठ्या बहिणीचा साखरपुडा सोसायटीच्या तळमजल्यावरील सभागृहात ठरला होता. वरपक्षाची पंचवीसेक माणसे सिन्नरहून येणार होती. लग्नासाठी व्यावसायिक छायाचित्रकार नेमला होता, परंतु साखरपुडा ‘घरच्या घरीच’ असल्याने फोटोंची जबाबदारी धाकट्या बहिणीवर आली. आपल्याकडे घरात कॅमेरा आला की त्यासोबत ही नेमणूक न मागता येते.

तिचा फोन बुधवारी रात्री नऊच्या सुमारास आला. ‘काका, माझे फोटो हलताहेत आणि धुरकटही येताहेत. रविवारपर्यंत काही होईल का?’ मी लेन्स कोणती ते विचारले, घरात ट्यूबलाइट आहे का ते विचारले आणि सांगून टाकले : मोड डायल ‘ए’वर ठेव, ॲपर्चरचा आकडा जितका लहान होईल तितका कर आणि आयएसओ वाढवून १६०० कर. ‘ए’ मोडमध्ये ॲपर्चर, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र, आपण ठरवतो; आकडा जितका लहान तितके ते छिद्र मोठे. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता. पाच मिनिटांत फोन संपला आणि मी समाधानाने जेवायला बसलो.

पहिला सल्ला आणि त्याचा परिणाम

गुरुवारी दुपारी तिचा निरोप आला की फोटो आणखी बिघडले आहेत. सोबत व्हॉट्सॲपवर चार फोटो होते. ते पाहून मला काहीच ठरवता आले नाही, कारण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्याला जोडलेली एक्झिफ माहितीही, म्हणजे शटर स्पीड (शटर सेकंदाच्या कितव्या भागापुरते उघडे होते), ॲपर्चर, आयएसओ आणि फोकल लेंग्थ (झूम किती होता) यांची कॅमेऱ्याने स्वतः केलेली नोंदही, निघून जाते. तेच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. तिला तसे करायला सांगितले आणि बुधवारच्या फोनपूर्वी काढलेले फोटोही मागितले.

एकूण नऊ फाइल आल्या. बुधवारपूर्वीच्या फोटोंत कॅमेरा फ्लॅश बंद असलेल्या ऑटो मोडवर होता आणि नोंद अशी होती : ५५ मिलिमीटर, एफ ५.६, शटर १/१५, आयएसओ ३२००. माझ्या सल्ल्यानंतरची नोंद : ५५ मिलिमीटर, एफ ५.६, शटर १/८, आयएसओ १६००. म्हणजे कॅमेरा आधीच ३२०० वर काम करत होता आणि मी ‘वाढव’ म्हणून सांगितलेला आकडा प्रत्यक्षात त्याच्या निम्मा होता. संवेदनशीलता निम्मी झाल्यावर तेवढाच प्रकाश गोळा करण्यासाठी कॅमेऱ्याने शटर दुप्पट वेळ उघडे ठेवले, आणि आधीच हलणारा फोटो आणखी हलला.

१६०० हा आकडा माझ्या तोंडी का आला, याचा नंतर विचार केला. माझ्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात १६०० च्या पुढे फोटोत दाणे इतके दिसत की त्यापलीकडे जायचेच नाही अशी सवय हाताला लागली होती. मी अनेक वर्षे हिवाळ्यात निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढायला जातो. तिथे उघड्या पाण्यावर उजेडाची ददात नसते, त्यामुळे ती सवय मोडण्याची वेळही आली नाही. सल्ला देणारा माणूस बहुधा आपल्याच कॅमेऱ्याच्या आठवणीतून बोलतो, समोरच्याच्या नाही.

ॲपर्चरच्या सूचनेचेही असेच झाले होते. तिने १८ मिलिमीटरवर असताना ३.५ हा आकडा लावला, मग बहिणीचा चेहरा मोठा दिसावा म्हणून झूम केले, तेव्हा आकडा आपोआप ५.६ झाला. कॅमेरा बिघडला आहे असा तिचा समज झाला. किट लेन्सचे हे स्वाभाविक वागणे आहे : झूम जसजसा वाढवाल तसतसे तिचे कमाल ॲपर्चर लहान होत जाते, आणि ३.५ ते ५.६ या प्रवासात आत येणारा प्रकाश सुमारे अडीचपटींनी घटतो. हे एक वाक्य मी फोनवर सांगितले असते तर तिचा गुरुवार वाचला असता.

तक्रार एक, कारणे तीन

नऊ फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर लक्षात आले की ‘हलताहेत आणि धुरकट येताहेत’ या एका तक्रारीत तीन निरनिराळे दोष आहेत. पाच फोटोंत सगळेच्या सगळे दृश्य एकाच दिशेने पुसटलेले होते. हा हाताचा कंप. तिच्या कॅमेऱ्यात लहान, म्हणजे क्रॉप सेन्सर असल्याने ५५ मिलिमीटरची लेन्स दीडपट, सुमारे ८२ मिलिमीटरसारखी वागते आणि ती हातात स्थिर धरायची तर शटर किमान १/८० हवे, हा जुना ठोकताळा आहे. १/१५ त्याच्या जवळपासही नव्हते. दोन फोटोंत मात्र तिच्या आईचा चेहरा पुसट होता आणि समोरच्या टेबलावरचा तांब्या अगदी स्पष्ट होता. तिथे हात हलला नव्हता. कॅमेऱ्याने फोकस करण्यासाठी स्वतःच बिंदू निवडला होता आणि अशा वेळी तो बहुधा सर्वांत जवळची ठळक वस्तू पकडतो. उरलेले दोन दिवसाउजेडी, शटर १/१२५ ला, गॅलरीत काढलेले होते. त्यांत काहीही हललेले नव्हते, फोकसही बरोबर होता, तरीही सगळ्यावर दुधाळ पडदा होता. ही तिसरी गोष्ट घरबसल्या उलगडली नाही.

म्हणून शुक्रवारी सकाळी साडेसातला तिला रामकुंडाजवळ गोदाघाटावर बोलावले. घाटावर तीर्थयात्रेचे सुंदर फोटो मिळतात म्हणून नव्हे, तर तिथे उजेड मुबलक असतो आणि दिशा स्पष्ट असते म्हणून. उजेडाची अडचण काढून टाकली की उरलेले दोष एकेकटे दिसतात. तिथे नदीच्या पूर्वेला पंचवटी आणि पश्चिमेला जुने नाशिक आहे, त्यामुळे सकाळी पश्चिमेच्या पायऱ्यांवरून पंचवटीकडे पाहिले की सूर्य समोर येतो, आणि पाठ फिरवली की पाठीशी. तिला दोन्ही दिशांना तोंड करून एकाच मापाचे दोन-दोन फोटो काढायला लावले. सूर्य पाठीशी असताना फोटो बरे आले. सूर्य समोर येताच तो दुधाळ पडदा पुन्हा पसरला, आणि एरवी काळ्या दिसायला हव्या त्या सावल्या राखाडी झाल्या.

लेन्स तिरपी धरून पाहिली. पुढे संरक्षणासाठी लावलेला स्वस्त काचेचा फिल्टर होता आणि त्यावर अंगठ्याचा तेलकट ठसा, तोही ओढणीने पुसून गोल गोल पसरवलेला. समोरून येणारा प्रकाश त्या थरात विखुरत होता. फिल्टर फिरवून काढला, पुन्हा तोच फोटो घेतला आणि पडदा गेला. धुरकटपणाचे निराकरण एवढ्यावर संपले. त्याचा आयएसओशी काडीचाही संबंध नव्हता. फिल्टर पुन्हा लावू नकोस असे तिला सांगितले. पुढची काच साफ करण्यासाठी मऊ मायक्रोफायबर कापड दिले. आधी फुंकर घालून धूळ उडवायची आणि मगच हलक्या हाताने पुसायचे, हेही दाखवले.

फोकसचा प्रयोग तिथेच केला. पायरीवर तिची पाण्याची बाटली ठेवली, मागे दोन-तीन हातांवर मी बसलो. कॅमेऱ्याने स्वतः बिंदू निवडला तेव्हा बाटली स्पष्ट आली. मग फोकसचा केवळ मधला बिंदू चालू ठेवून तो माझ्या डोळ्यावर नेला, बटण अर्धे दाबून धरले, चौकट हवी तशी सरकवली आणि पूर्ण दाबले. दहा-बारा वेळा केल्यावर तिचा हात बसला. या संपूर्ण आठवड्यात सर्वांत लवकर शिकवून झालेली गोष्ट हीच, आणि त्यात शब्द जवळजवळ लागले नाहीत.

सभागृह, खिडकी आणि आजी

शनिवारी सायंकाळऐवजी मुद्दाम सकाळी अकरालाच सभागृहात गेलो, कारण कार्यक्रम त्याच वेळी होता. पूर्वेला चार मोठ्या खिडक्या, छताला ट्यूबलाइट, आणि पश्चिमेच्या भिंतीवर फुलांची सजावट. वधूवरांसाठीचा चौरंग व खुर्च्या त्या सजावटीला टेकून ठेवायच्या असे घरात ठरले होते.

आम्ही कॅमेऱ्याकडूनच मोजणी करून घेतली. मोड ‘एस’, म्हणजे शटर आपण ठरवायचे आणि बाकीचे कॅमेऱ्याने. शटर १/१००, झूम ३५ मिलिमीटरवर, जिथे या लेन्सचे ॲपर्चर साधारण एफ ४.५ मिळते, आणि आयएसओ स्वयंचलित. सजावटीपाशी तिच्या वडिलांना उभे केले तर कॅमेरा ६४०० मागत होता. तेच वडील खिडकीपासून सहा फुटांवर, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले तेव्हा ८००. एकाच सभागृहात, पंधरा पावलांच्या अंतरात, प्रकाशात आठपटींचा फरक होता. हा फरक बाजारात विकत घ्यायचा तर मोठ्या ॲपर्चरची लेन्स घ्यावी लागते. येथे चौरंग सरकवणे पुरेसे होते.

शटर १/१०० च का, १/१२५ का नाही, याला कारण आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने साध्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आणि अनेक स्वस्त एलईडी दिव्यांचाही. शटर १/१०० असले की प्रत्येक फोटोत त्या चढउताराचे एक पूर्ण आवर्तन सामावते. त्याहून वेगवान शटर ठेवले तर कधी एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, किंवा चौकटीत आडवा पट्टा असा प्रकार होऊ शकतो. हाताच्या कंपालाही १/१०० पुरते. भरभर हलणाऱ्या माणसाला ते पुरत नाही हे खरे, परंतु साखरपुड्यात ओटी भरताना किंवा अंगठी घालताना माणसे क्षणभर थांबतातच, आणि फोटो त्या थांबण्यातच घ्यायचा असतो.

चौरंग पुढे ओढण्याला तिच्या आईचा विरोध होता. सजावटीसाठी केलेला खर्च फोटोत दिसायला हवा, हे त्यांचे म्हणणे गैर नव्हते. प्रश्न आजींनी सोडवला. शुभकार्यात पूर्वेकडे तोंड करूनच बसायचे असते, मग जोडप्याचे तोंड खिडकीकडेच राहणार, चौरंग दोन हात पुढे आला म्हणून काय बिघडले, असे त्यांनी विचारले आणि विषय संपला. सजावट पार्श्वभूमीला राहिली, चेहऱ्यांवर खिडकीचा मऊ उजेड आला. थेट ऊन येऊ नये म्हणून एका खिडकीला पातळ पांढरा पडदा लावला. नेमलेल्या छायाचित्रकाराला यजमानांचा चौरंग हलवणे अवघड जाते, घरच्या मुलीला ते जमते. नवशिक्या घरच्या माणसाकडे असलेला हा एकमेव व्यावसायिक लाभ असावा.

चिठ्ठीत काय घ्यायचे

शनिवारी निघताना मी तिला एक चिठ्ठी लिहून दिली. गडबडीत वाचता यावी म्हणून ती तीन ओळींचीच ठेवली :

मोड एस, शटर १/१००. याला हात लावायचा नाही.
मधला बिंदू, जवळच्या डोळ्यावर. अर्धे दाबून मग पूर्ण.
खिडकी पाठीशी. झूम ३५ च्या पुढे नाही, पुढे चालत जायचे.

आयएसओची कमाल मर्यादा ६४०० मी स्वतः लावून दिली, व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार रंगांचा समतोल, स्वयंचलित ठेवला, फाइल जेपीईजी ठेवली. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ माहिती), मॅन्युअल मोड (सगळे आकडे स्वतः ठरवण्याची पद्धत) आणि चौकटीचे तीन-तीन समान भाग पाडून मांडणी करण्याचा नियम हे तिघेही बाहेर राहिले. रॉ फाइल दुरुस्तीला सोयीची असते हे मला मान्य आहे, परंतु तिच्याकडे ती उघडण्याची सवय आणि संगणकात जागा दोन्ही नव्हते. मॅन्युअल मोड शिकल्याशिवाय छायाचित्रण येत नाही असे सांगणाऱ्यांशी माझे एरवी फारसे भांडण नाही. तीन दिवसांवर साखरपुडा असताना मात्र आहे. चौकटीच्या नियमाबद्दल एवढेच, की बहिणीचा चेहरा पुसट आला तर तो चौकटीत कुठे आहे हे कुणी विचारत नाही. कॅमेऱ्यावरच्या लहान फ्लॅशविषयी तिने विचारले तेव्हा मी तो बंद ठेवायला सांगितले. समोरून पडणारा तो प्रकाश चेहरे सपाट करतो आणि पैठणीच्या जरीवर नुसता पांढरा डाग उमटवतो.

रविवार

रविवारी मी पाहुणा म्हणून गेलो आणि कॅमेऱ्याच्या आसपास फिरकायचे नाही असे ठरवून कोपऱ्यात बसलो. पहिला पाऊण तास उत्तम गेला. साखरेचा पुडा देणे, ओटी, अंगठ्या, पेढा भरवणे हे सारे तिने आजींकडून आधी क्रमाने विचारून घेतले होते, त्यामुळे प्रत्येक वेळी ती दोन पावले आधी पोहोचलेली असे. येवल्याची जांभळी पैठणी नेसलेली बहीण खिडकीच्या उजेडात अंगठी पाहते आहे, असा एक फोटो तर मी काढला असता तर भिंतीवर लावला असता.

मग औक्षणाची वेळ आली. निरांजनाचे तबक धाकट्या बहिणीच्या हाती द्यायचे होते, त्यामुळे तिने कॅमेरा आणि चिठ्ठी दोन्ही मावसभावाकडे सोपवले. हा मुलगा हुशार आणि आज्ञाधारक होता. त्याने चिठ्ठी वाचली, ‘खिडकी पाठीशी’ हे शब्द पाहिले आणि मंडळींना नम्रपणे विनंती करून खिडकीकडे पाठ करून उभे केले. फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी की काढून घेणाऱ्यांच्या, हे चिठ्ठीत कुठेही नव्हते. आपल्या भाषेत कर्ता गाळून लिहिण्याची मुभा आहे आणि मी ती घेतली होती. ज्या मुलीने शनिवारी सभागृहात उभे राहून प्रयोग केला तिला त्या दोन शब्दांचा अर्थ ठाऊक होता. ज्याने केवळ कागद पाहिला त्याला नव्हता. औक्षणाचे आणि त्यानंतरच्या समूहछायाचित्रांचे मिळून बत्तीस फोटो असे आले की मागे खिडकी झगझगीत आणि पुढे सगळे चेहरे काळवंडलेले.

पावणेएकला बॅटरी संपली. मामांचा कॅमेरा जुना, बॅटरीही तितकीच जुनी, आणि सकाळपासून प्रत्येक फोटो पडद्यावर नातेवाइकांना दाखवणे चालू होते. दुसरी बॅटरी आहे का, हा प्रश्न पाच दिवसांत मी एकदाही विचारला नव्हता. जेवणाच्या पंगतीचे फोटो मोबाइलवर निघाले आणि चांगले निघाले.

नंतरची मोजदाद

एकूण ३८० फोटोंपैकी तिने ७४ ठेवले. हाताच्या कंपाने गेलेले नऊ, फोकस चुकलेले वीसेक, धुरकट एकही नाही. काळवंडलेल्या बत्तिसांपैकी अकरा फोटोंतल्या सावल्या संगणकावर उचलून चेहरे पाहण्याजोगे करता आले. जेपीईजी असल्याने बाकीच्यांत सावली उचलताच रंगांचे ठिपके दिसू लागले. येथे रॉ फाइल असती तर आणखी काही वाचले असते, म्हणजे मी बाहेर ठेवलेल्या गोष्टींपैकी एकीने तरी आपली किंमत वसूल केली.

चिठ्ठीची तिसरी ओळ मी तिच्यासमोरच खोडून ‘खिडकी फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी, चेहरे खिडकीकडे’ अशी लिहिली आणि खाली चौथी ओळ घातली : ‘बॅटरी दोन.’ एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचे बटण, म्हणजे चौकट आहे त्याहून उजळ किंवा गडद करण्याची सोय, तिला रविवारपूर्वी शिकवायला हवी होती का, यावर मी बराच विचार केला. ते बटण मावसभावाला ठाऊक असण्याची शक्यता नव्हतीच, म्हणून त्या बत्तीस फोटोंना त्याचा उपयोग झाला नसता. तिला स्वतःला मात्र त्याची गरज आता पटली होती, कारण हातात स्वतःच्या बहिणीच्या औक्षणाचा काळवंडलेला फोटो होता.

पुढच्या बुधवारी आम्ही गोदाघाटावरच्या आठवडे बाजारात गेलो. भाजीवाल्यांनी उन्हासाठी बांधलेल्या प्लास्टिकच्या कापडाखाली सावली आणि बाहेर भगभगीत ऊन, अशा ठिकाणी तिने एका मावशींना विचारून त्यांचा फोटो घेतला. चेहरा काळा आला. बटण दाबून अधिक एक केले, चेहरा उजळला, पण त्यावर कापडाची निळी झाक उतरली. ती काही वेळ वर त्या कापडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘काका, हे बटणाने जाणार नाही. मावशींनाच जरा पुढं सरकायला सांगते.’ मावशी सरकल्या नाहीत, गिऱ्हाईक आले होते.